कागद गुण्यात, जागा नाही: कॅडमध्ये रेघ मारताना आणि दुरुस्त करताना

वीस बाय चाळीसचा प्लॉट. सोलापूरच्या जुन्या पेठेतली जागा, तिन्ही बाजूंना घरं, आणि मालकाने तोंडी सांगितलेलं माप. मला ड्राफ्ट्समन म्हणून कामाला लागून जेमतेम चार महिने झाले होते. ऑटोकॅड उघडलं, ऑर्थो (रेघ फक्त आडवी किंवा उभी ठेवणारी सोय) लावला, टकाटक चार रेघा मारल्या आणि आत घर बसवलं. पुढच्या आठवड्यात जागेवर लाइनआउट होतं. गवंड्याने खुंट्या ठोकल्या, रस्त्याकडच्या कोपऱ्यात काटकोनाचा गुण्या लावला आणि मागच्या बाजूला दोरी ताणायला घेतली. दोरी पुढे जाईना. शेजाऱ्याची भिंत मध्ये येत होती. मागच्या टोकाला हिशेब केला तर बरोबर एक फूट. गवंडी दोरी गुंडाळत म्हणाले, "साहेब, तुमचा कागद गुण्यात हाय, जागा न्हाई."

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मी मागितली तशी रेघ त्याने दिली होती. रेघ मारायला कुणालाही पाच मिनिटांत येतं. पण ती रेघ कुठल्या मापावरून आली आणि तिची दोन्ही टोकं नेमकी कुठे बसली, हे बघायला वेळ लागतो. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिल ट्रेडला असाल, पॉलिटेक्निकला असाल किंवा एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नुकतेच बसायला लागला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उदाहरणं ऑटोकॅडची आहेत. विद्यार्थ्यांना ते शैक्षणिक परवान्यावर मोफत मिळतं. घरच्या साध्या कॉम्प्युटरवर सराव करायचा असेल तर लिब्रेकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कमांडची नावं थोडी बदलतात, विचार तोच राहतो.

कॅडमधली रेघ म्हणजे काय

सोलापूरकराला हे चादरीवरून लगेच समजेल. जेकार्डच्या चादरीची नक्षी आधी चौकटीच्या ग्राफ कागदावर काढतात. एक घर म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. जेकार्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यावर तिथे भोक असतं किंवा नसतं, अर्धं भोक नसतं. त्यामुळे ग्राफवरची तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते, आणि चादरीतल्या पाकळीची कड जवळून पाहिली की या पायऱ्या दिसतात.

कॅडची रेघ अशी नसते. तिथे घरं भरलेली नसतात. पहिलं टोक कुठे आणि दुसरं टोक कुठे, एवढंच फाइलमध्ये साठवलेलं असतं. मधली रेघ कॉम्प्युटर दरवेळी नव्याने काढून दाखवतो. म्हणून कितीही झूम करा, रेघ फुटत नाही. (वर्तुळ कधी कधी कोनाकोनाचं दिसतं, तेव्हा आरई टाइप करून एंटर मारा, गोल होईल. बिघडलेलं असतं ते फक्त दाखवणं.) यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: दोन्ही टोकं बरोबर असतील तर रेघ बरोबर, आणि टोक अर्धा मिलिमीटर चुकलं तर स्क्रीनवर कितीही सुबक दिसली तरी रेघ चूक.

आधी एकक ठरवा

आपल्याकडे मालक फुटात बोलतो, गवंडी इंचात, आणि परवान्याचा नकाशा मीटरमध्ये लागतो. यात फाइल कशात काढायची हे पहिली रेघ मारण्याआधी ठरवा. बांधकामासाठी मिलिमीटर सोयीचे, कारण दशांश चिन्ह जवळजवळ लागतच नाही. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. वीस फूट म्हणजे ६०९६, चाळीस फूट म्हणजे १२१९२. युनिट्सच्या खिडकीत मिलिमीटर निवडा आणि मग फाइलमध्ये सगळं त्याच मापाने काढा.

दुसरा नियम: रेघ नेहमी खऱ्या मापाची काढा. तीन मीटरची भिंत ३००० ची. एकास पन्नास, एकास शंभर हे प्रमाण प्रिंट काढताना द्यायचं असतं. कागदावर काढायची सवय असलेले लोक अजूनही सगळी मापं शंभराने भागून बसतात, आणि मग दारं-खिडक्यांचे ब्लॉक आणले की एक खिडकी अख्ख्या घरापेक्षा मोठी येते.

रेघ मारण्याच्या चार पद्धती

कीबोर्डवर एल, एंटर. आता पुढचं टोक चार प्रकारे सांगता येतं. आकडे अर्थातच इंग्रजी कळांवरून टाइप करायचे.

पहिली पद्धत, रोजच्या कामातली: एफ ८ दाबून ऑर्थो लावा, माउस ज्या दिशेला रेघ हवी तिकडे सरकवा, नुसतं माप टाइप करा, एंटर. नव्वद टक्के भिंती अशाच निघतात. माझीही चूक याच सवयीतून झाली.

दुसरी: @३६००,० असं लिहिलं की शेवटच्या बिंदूपासून उजवीकडे ३६००. पहिला आकडा आडवा, दुसरा उभा. डावीकडे किंवा खाली जायचं असेल तर उणे चिन्ह.

तिसरी: @३६००<४५, म्हणजे ३६०० लांब आणि ४५ अंशात. इथे एक घोळ हमखास होतो. होकायंत्राची सवय असलेला माणूस उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या दिशेने मोजतो. कॅडमध्ये शून्य पूर्वेला, म्हणजे उजवीकडे असतं आणि कोन घड्याळाच्या उलट वाढतो. सरळ वर म्हणजे ९०, डावीकडे १८०.

चौथी: @ न लावता ३६००,० लिहिलं की ते मूळ बिंदूपासून धरलं जातं. पण डायनॅमिक इनपुट, म्हणजे एफ १२, चालू असेल तर दुसऱ्या बिंदूपासून पुढे @ न लावताही माप आधीच्या बिंदूपासून धरलं जातं. शेजारच्या कॉम्प्युटरवर तेच आकडे टाकून वेगळी रेघ आली की मुलं गोंधळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

दोन छोट्या सवयी लावून घ्या. चुकीचा बिंदू दिला तर कमांड सोडू नका, यू टाइप करून एंटर मारा, फक्त शेवटचा तुकडा जातो. आकृती बंद करताना पहिल्या बिंदूवर नेम धरून क्लिक करू नका, सी टाइप करा.

टोक पकडा, अंदाज नको

१९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम केला. प्रकाशलेखणी पडद्याला लावून त्यावर रेघा मारता येत. लेखणी एखाद्या बिंदूच्या जवळपास नेली की रेघ नेमकी त्या बिंदूलाच जाऊन चिकटे. माणसाचा हात थरथरणार हे गृहीत धरूनच ही सोय केली होती. ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस बाजारात आलं. त्यातला आजचा ऑब्जेक्ट स्नॅप त्याच विचाराचा आहे.

एफ ३ दाबून ओस्नॅप चालू ठेवा आणि त्यात एंडपॉइंट, मिडपॉइंट, इंटरसेक्शन, सेंटर आणि परपेंडिक्युलर एवढेच कायम लावा. नवीन मुलं सगळ्या चौकटींत टिक करून ठेवतात. मग नीअरेस्ट लागतो. कर्सर टोकाजवळ असताना तो रेघेवरचा भलताच बिंदू पकडतो आणि कोपरा दोन मिलिमीटर उघडा राहतो. नीअरेस्ट लागेल तेव्हाच, शिफ्ट दाबून माउसचं उजवं बटन दाबल्यावर येणाऱ्या यादीतून घ्या.

कोपरा खरंच जुळला का, हे डोळ्याने ठरवू नका. झूम करा, रेघ क्लिक करा, टोकावर निळा चौकोन येतो. दोन्ही रेघा निवडल्यावर कोपऱ्यात एकच निळा चौकोन दिसला पाहिजे. दोन दिसले तर कोपरा उघडा आहे.

वाकडी जागा कॅडमध्ये कशी उतरवायची

आता माझा तो प्लॉट. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पुन्हा गेलो. या वेळी चार बाजूंबरोबर कर्णही मोजला. चार बाजूंच्या मापांवरून जागेचा आकार ठरत नाही. चौकट तिरकी दाबली तरी बाजू तेवढ्याच राहतात. आकार बांधून ठेवतो तो कर्ण.

मापं अशी आली: रस्त्याची बाजू ६.१० मीटर, डावी १२.२०, उजवी १२.२५, मागची ५.८५. पुढच्या उजव्या कोपऱ्यापासून मागच्या डाव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण १३.५०. पुढचा डावा कोपरा गुण्यात असता तर हाच कर्ण १३.६४ आला असता. चौदा सेंटिमीटरचा फरक, पण तेवढ्याने कोपरा सुमारे दीड अंश आत झुकतो, आणि बारा मीटर मागे गेल्यावर तो एक फूट होतो.

हे कॅडमध्ये असं उतरवा. ६१०० ची आडवी रेघ मारा, ही रस्त्याची बाजू. तिच्या डाव्या टोकावर १२२०० त्रिज्येचं वर्तुळ काढा, उजव्या टोकावर १३५०० त्रिज्येचं. दोन्ही वर्तुळं मागच्या बाजूला जिथे छेदतात तो मागचा डावा कोपरा. आता त्या कोपऱ्यावर ५८५० चं वर्तुळ आणि पुढच्या उजव्या टोकावर १२२५० चं. त्यांचा उजवीकडचा छेद म्हणजे चौथा कोपरा. इंटरसेक्शन स्नॅपने हे बिंदू जोडा आणि वर्तुळं पुसून टाका.

पडताळणीसाठी दुसरा कर्ण ठेवलेला असतो. डीआय कमांडने पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत मोजा. १३७१० च्या आसपास आकडा येईल. जागेवर टेपने तेवढंच आलं तर मापं बरोबर. न आलं तर कुठेतरी टेप ढिली होती. मग पुन्हा जागेवर जा, कॉम्प्युटरवर जुळवाजुळव करू नका.

क्षेत्रफळ काढलं तेव्हा मालकही गप्प झाले. वीस बाय चाळीस म्हणून आठशे चौरस फूट समजलेली जागा ७८६ च्या आसपास भरली. चौदा चौरस फूट फार नाहीत, पण कडेचं सामासिक अंतर जिथे कसंबसं बसतं, तिथे एक फूट आत-बाहेर झाला की सगळा नकाशाच हलतो.

एक खोली काढून बघा

दुरुस्तीच्या कमांड पाठ करून येत नाहीत, एक खोली काढली की येतात. आतून ३६०० बाय ३००० ची खोली घ्या, भिंत ९ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर.

एफ ८ लावून चार रेघांनी आतला चौकोन काढा. मग ऑफसेट: ओ, एंटर, २३०, एंटर. एकेक रेघ निवडून बाहेरच्या बाजूला क्लिक करा. बाहेर चार रेघा येतील, पण त्यांचे कोपरे जुळणार नाहीत, कारण प्रत्येक रेघ आतल्या रेघेएवढीच लांब असते. इथे नवीन माणूस एकेक टोक ओढत बसतो. त्यापेक्षा फिलेट घ्या: एफ, एंटर, मग शिफ्ट दाबून ठेवून शेजारच्या दोन रेघा क्लिक करा. शिफ्टमुळे त्रिज्या शून्य धरली जाते आणि दोन्ही रेघा नेमक्या कोपऱ्यात जुळतात. जास्तीची असेल तर कापली जाते, कमी असेल तर वाढते. चार कोपऱ्यांना चार वेळा. बाहेरचं माप ४०६० बाय ३४६० आलं पाहिजे, आणि आतला कर्ण ४६८६.

आता खालच्या भिंतीत दार, कोपऱ्यापासून १०० सोडून ९०० रुंदीचं. डावी आतली रेघ १०० ने आत ऑफसेट करा, आलेली रेघ पुन्हा ९०० ने. एक्स्टेंड (ईएक्स) घेऊन या दोन्ही रेघा खालच्या टोकाजवळ क्लिक करा, त्या भिंतीच्या बाहेरच्या रेघेपर्यंत जातील. मग ट्रिम (टीआर): खोलीत वर गेलेला भाग कापा, आणि दोन रेघांमधला भिंतीचा तुकडा आतून-बाहेरून कापा. दाराची फट तयार. ऑटोकॅडच्या २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत ट्रिमला थेट कापायचा भाग क्लिक केला की पुरतं. जुन्या आवृत्तीत आधी कापणाऱ्या कडा विचारल्या जातात, तिथे नुसतं एंटर मारलं की सगळ्या रेघा कडा म्हणून धरल्या जातात. ट्रिममध्ये असताना शिफ्ट दाबलं की तोच हात एक्स्टेंड करतो, कमांड बदलायची गरज नाही.

मालक म्हणाले, दार फूटभर सरकवा. पुसून पुन्हा काढू नका. स्ट्रेच घ्या: एस, एंटर. दाराभोवती चौकट उजवीकडून डावीकडे ओढा. ही दिशा महत्त्वाची. डावीकडून उजवीकडे ओढलेली निळी चौकट फक्त पूर्ण आत आलेल्या गोष्टी उचलते, उजवीकडून डावीकडे ओढलेली हिरवी चौकट शिवलेलं सगळं उचलते. स्ट्रेचला हिरवीच लागते. चौकटीत आलेली टोकं सरकतात, बाहेरची जागेवर राहतात. कुठलीही रेघ न तोडता दार ३०५ ने सरकतं.

उरलेली दोन-तीन हत्यारं कधीमधी लागतात. लेंग्थनमध्ये टोटल निवडून रेघ थेट हव्या त्या लांबीची करता येते. ब्रेकने रेघ एका बिंदूवर तोडता येते. जॉइनने एकाच सरळ रेषेतले तुकडे पुन्हा एक करता येतात. नुसत्या रेघेवर क्लिक करून टोकाचा निळा चौकोन ओढला तरी टोक सरकतं, पण तेव्हाही स्नॅप चालू हवा.

रेघेची जाडी

ट्रेसिंग पेपरवर काम केलेली माणसं ०.२, ०.४, ०.६ चे रॉटरिंग पेन वापरत, आणि चुकलेली शाई ब्लेडने खरवडून काढत. कॅडमध्ये खरवडायचं काम गेलं, तसा जाड-बारीकचा विवेकही अनेकांचा गेला. प्रिंट हातात घेतला की सगळं सारख्याच जाडीचं, भिंत कुठली आणि फरशीची रेघ कुठली ते गवंड्याला कळत नाही.

जाडीची ठरलेली मालिका अशी: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, १.०. प्रत्येक पुढची जाडी आधीच्या सुमारे १.४ पट. ए ३ कागदावरचा नकाशा ए ४ वर लहान केला की तोही याच पटीने लहान होतो, म्हणून ०.७ ची रेघ नेमकी ०.५ होते आणि मालिका बिघडत नाही. घराच्या प्लॅनला कापलेल्या भिंतीसाठी ०.५, दार-खिडकी आणि पायऱ्यांना ०.२५, मापांच्या रेघांना ०.१८ ठेवा.

ही जाडी प्रत्येक रेघेला हाताने देऊ नका. भिंत, दार-खिडकी, मापं, मजकूर, हद्द असे वेगळे लेअर करा, जाडी आणि रंग लेअरला द्या आणि रेघा बाय लेअर ठेवा. लेअर शून्यवर काम करायची सवय सोडा. तुटक रेघ निवडूनही ती सलग दिसत असेल तर रेघ बरोबर आहे, एलटीस्केलचा आकडा जुळवायचा राहिला आहे.

फाइल देण्याआधीची पाच मिनिटं

एकदा बाल्कनीच्या जाळीचं ड्रॉइंग लेझर कटिंगला दिलं. मशीन एका पाकळीवरून दोनदा फिरलं, पत्र्याची कड जळून काळी पडली. चूक माझी. कॉपी करताना रेघेवर रेघ पडली होती, आणि स्क्रीनवर दोन रेघा एकच दिसतात. तेव्हापासून फाइल देण्याआधी ओव्हरकिल ही कमांड चालवतोच. एकावर एक पडलेल्या रेघा ती पुसून टाकते.

मग हद्द तपासा. सुट्या रेघा वेगवेगळ्या असतात, पॉलीलाइन मात्र अख्खी एक वस्तू असते. प्लॉटची हद्द, खोल्या, बांधकामाचं क्षेत्र हे सगळं बंद पॉलीलाइनमध्ये ठेवा. परवान्याची प्रक्रिया आता ऑनलाइन झाली आहे, नकाशा कॅड फाइलमध्येच जातो आणि कॉम्प्युटर ठरलेल्या लेअरवरच्या बंद आकृत्यांवरून क्षेत्रफळ मोजतो. डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतले नियम कितीही बारकाईने पाळले, तरी कोपरा उघडा असेल तर मशीनला ती खोली दिसतच नाही. लिस्ट कमांडने क्लोज्ड लिहून येतंय का बघा. हॅच भरत नसेल तर तीच खूण, कुठेतरी टोक सुटलंय.

शेवटी दोन-चार मापं कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. मापावर टाइप करून आकडा बदलायचा मोह टाळा. माप खोटं लिहिता येतं, रेघ तेवढीच राहते, आणि गवंडी आकड्यावर काम करतो.

त्या प्लॉटचं लाइनआउट आठ दिवसांनी पुन्हा झालं. या वेळी गवंड्यांनी गुण्या पिशवीतून काढलाच नाही. माझ्याकडून दोन्ही कर्णांचे आकडे मागून घेतले, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि चुन्याची फक्की टाकायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले. मी आजही नवीन प्लॅन सुरू करताना चार बाजूंच्या आधी कर्णाचा कागद मागतो. तो नसेल तर ऑटोकॅड उघडत नाही, टेप घेऊन जागेवर जातो.